टेन्शनच्या नावावर खपवलेला रक्तदाब

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत रक्तदाब का वाढला असे कोणालाही विचारले की एकच उत्तर येते: टेन्शन. मुलीचे लग्न, भावकीतला बांधाचा वाद, सोसायटीचे कर्ज, थकलेले उसाचे बिल, पोराची न लागलेली नोकरी. उत्तर इतके ठरून गेले आहे की त्यापुढचा प्रश्न घरातले विचारत नाहीत, रुग्ण विचारत नाही आणि गर्दीच्या वेळी दवाखान्यातही तो विचारला जात नाही. या समजुतीच्या पोटात आणखी दोन समजुती दडलेल्या आहेत. ज्याला टेन्शन नाही त्याला बीपी नाही, ही एक. टेन्शन मिटले की बीपीही मिटतो, ही दुसरी. तिन्ही चुकीच्या आहेत आणि त्यांची किंमत अर्धांगवायू, निकामी झालेली मूत्रपिंडे आणि पन्नाशीतले मृत्यू यांतून मोजावी लागते.

वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० यांपैकी काहीही गाठून किंवा ओलांडून सातत्याने तसेच राहिले, तर त्याला उच्च रक्तदाब म्हणतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशातल्या ३५.५ टक्के प्रौढांना हा विकार आहे. शहरांत हे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या आसपास, तर खेड्यांत सुमारे तेहतीस टक्के. तिघांत एक एवढ्या मोठ्या प्रमाणावर पसरलेल्या विकाराचे कारण प्रत्येकाच्या घरगुती अडचणीत शोधणे मुळातच कमकुवत आहे, कारण घरगुती अडचणी तिघांतल्या तिघांनाही असतात.

टेन्शनच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा आधी पाहिला पाहिजे. इटलीच्या उम्ब्रिया प्रांतात मठात राहणाऱ्या १४४ ख्रिस्ती संन्यासिनी आणि त्याच भागातल्या १३८ संसारी स्त्रिया यांची वीस वर्षे पाहणी झाली. तिचे निष्कर्ष १९८८ मध्ये आले. संसारी स्त्रियांचा रक्तदाब वयाबरोबर चढत गेला, संन्यासिनींचा जवळजवळ होता तिथेच राहिला. मीठ किंवा वजन यांतल्या फरकाने हा निकाल उलगडत नाही, असेही संशोधकांनी नोंदवले. हा पुरावा झटकून टाकण्यासारखा नाही. पण मठातले जीवन फक्त चिंतेपुरते वेगळे नसते. झोपेच्या वेळा, दिनक्रम, बाळंतपणे नसणे, गर्भनिरोधक गोळ्या नसणे, सारेच वेगळे असते. त्यातून एकट्या शांततेचा वाटा बाजूला काढता येत नाही. फार तर एवढे म्हणता येते की दशकानुदशकांच्या राहणीचा रक्तदाबावर परिणाम होतो. गेल्या महिन्यातल्या भांडणामुळे या महिन्यात बीपी लागला, असे त्यातून कोणत्याही रीतीने निघत नाही.

राग, भीती, धावपळ यांनी रक्तदाब वाढतो हे खरेच आहे. ॲड्रेनलिन सुटते, हृदय जोरात धडधडते, रक्तवाहिन्या आवळतात आणि वरचा आकडा वीस-तीस अंकांनी सहज चढतो. मन निवले की तो उतरतो. कायमच्या उच्च रक्तदाबात घडते ते वेगळे. तिथे मूत्रपिंडे जास्त दाबालाच सरावतात, धमन्यांच्या भिंती जाड आणि ताठ होतात. शांत झोपेतही आकडा पुरेसा उतरत नाही. चिंतेचा खरा हात आडून लागतो. काळजीत बुडालेला माणूस कमी झोपतो, मिश्री जास्त लावतो, दारूकडे वळतो, गोळी विसरतो. हे सारे विचारता येते, मोजता येते आणि त्यावर काही करताही येते. ‘टेन्शन घेऊ नका’ या सल्ल्यातून यांतले काहीच होत नाही.

या निदानाची एक सामाजिक बाजूही आहे आणि ती अधिक कठोरपणे सांगायला हवी. कारण टेन्शन ठरले की टेन्शन देणारा कोण, हे शोधणे आलेच, आणि घरात तो शोध बहुतेकदा सुनेपाशी थांबतो. सासूला लकवा मारला तर सुनेने जीव खाल्ला म्हणून. बापाचा बीपी वाढला तर पोरीने मनाविरुद्ध लग्न केले म्हणून. वीस वर्षे न मोजलेल्या रक्तदाबाचा दोष एखाद्या बाईच्या माथी मारला जातो आणि ती तो आयुष्यभर वाहते. शरीरशास्त्रात याला कसलाही आधार नाही. हा अन्याय आहे आणि तो वैद्यकीय भाषेच्या आडून चालतो.

‘रानात राबणाऱ्याला बीपी कुठला?’ हा याच समजुतीचा दुसरा चेहरा. श्रमांचा फायदा निश्चित आहे. उच्च रक्तदाब असलेल्याने रोज अर्धा तास झपझप चालणे ठेवले, तर वरचा आकडा साधारण पाच अंकांनी खाली येऊ शकतो. दरवर्षी साताऱ्यात यवतेश्वरच्या चढावर हजारो माणसे अर्धमॅरेथॉन धावतात, तीही चांगलीच गोष्ट आहे. पण श्रम हे संरक्षण आहे, कवच नाही. पाटण, जावळी, माण, खटाव या तालुक्यांतून पिढ्यान्‌पिढ्या माणसे मुंबईच्या गोदीत आणि बाजारपेठांत माथाडी म्हणून गेली. त्यांच्यासाठी १९६९ मध्ये स्वतंत्र कायदाही झाला. पाठीवर गोणी वाहणाऱ्याला कोणी बैठे काम करणारा म्हणणार नाही. अशा स्थलांतरात शरीराचे काय होते, हे केनियातल्या एका पाहणीत दिसले. लुओ जमातीचे शेतकरी गाव सोडून नैरोबीला आल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच त्यांचा रक्तदाब गावी राहिलेल्यांपेक्षा वर गेला. त्याच सुमारास त्यांच्या लघवीतले सोडियम वाढले होते आणि त्या मानाने पोटॅशियम घटले होते. शहराने त्यांच्यापुढे नवी चिंता जशी आणली, तसे नवे ताटही आणले. ताटाचे माप लघवीत सापडले.

इथून विषय मिठावर येतो. या भागात सर्वांत जास्त टाळला जातो तो हाच. शरीरात सोडियम साठले की त्याच्याबरोबर पाणी साठते, रक्ताचे आकारमान वाढते आणि मूत्रपिंडांना ते बाहेर टाकण्यासाठी जास्त दाब लागतो. ज्यांची मूत्रपिंडे या कामात जन्मतः किंवा वयाने कमी पडतात, त्यांच्यात हा वाढीव दाबच नेहमीचा होऊन बसतो. १९८८ च्या ‘इंटरसॉल्ट’ पाहणीत ३२ देशांतल्या ५२ ठिकाणच्या दहा हजारांहून अधिक लोकांची लघवी आणि रक्तदाब एकाच पद्धतीने मोजले गेले. त्यांत ब्राझीलच्या जंगलातले यानोमामी लोक होते. ते मीठ जवळजवळ खातच नाहीत. त्यांचा सरासरी रक्तदाब ९६/६१ भरला आणि वयाबरोबर तो वाढतही नव्हता. जंगलात साप, हिवताप आणि टोळ्यांच्या लढाया असतात. तिथले जगणे निर्धास्त असते असे कोणी म्हणणार नाही.

जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा माणशी दिवसाला पाच ग्रॅम मिठाची आहे, म्हणजे सपाट एक चमचा. देशव्यापी पाहणीत भारतीय प्रौढांचे सरासरी सेवन आठ ग्रॅम निघाले, पुरुषांचे ८.९ आणि स्त्रियांचे ७.१. पाश्चात्त्य देशांत बहुतेक मीठ कारखान्यात बनलेल्या खाद्यपदार्थांतून येते. इथे ते मुख्यतः घरच्याच डब्यातून येते. म्हणून हिशेब घरीच करता येतो. पाच माणसांच्या घरात किलोचा पुडा चाळीस दिवस पुरला, तर माणशी पाच ग्रॅम पडतात. तो वीस दिवसांत संपत असेल, तर माणशी दहा. थोडे मीठ धुण्या-सांडण्यात जाते हे धरले तरी या हिशेबाने बहुतेक घरांना आपली जागा कळेल. विकतचे फरसाण, वडापाव, बेकरीची खारी यांचे मीठ त्यात अजून धरलेलेच नाही. भाकरी बहुधा बिनमिठाची असते. पण तिच्याबरोबरचा खर्डा, शेंगदाण्याची चटणी, खारवलेली मिरची, लोणचे आणि वरून कोरड्यासात घातलेली चिमूट ती कसर पुरेपूर भरून काढते. सांगलीचे भडंग नावाजलेले आहे. त्याची चव मीठ, लसूण आणि तिखट यांतच आहे. संध्याकाळी वाटीभर भडंग आणि चहा हा इकडचा साधा पाहुणचार मिठाच्या हिशेबात साधा राहत नाही.

यावर दोन उत्तरे ठरलेली असतात. आम्ही सैंधव खातो, हे पहिले. सैंधव मिठात सोडियम क्लोराइडच नव्वद टक्क्यांच्या बराच वर असते. बाकीची खनिजे इतकी थोडी की रक्तदाबाच्या दृष्टीने दोन्ही मिठे सारखीच. शिवाय बाजारातल्या सैंधवात बहुतेक वेळा आयोडीन मिसळलेले नसते, म्हणजे थायरॉइडचा धोका वरून विकत घेतला जातो. दुसरे उत्तर असे, की उन्हात घाम गाळणाऱ्याला मीठ लागतेच. घामातून सोडियम जाते हे खरे. पण उन्हाची सवय झालेले शरीर आठ-पंधरा दिवसांत घामातले मीठ आखडते घेते. दिवसभर ऊस तोडणाऱ्याला आधी पाणी पुरेसे लागते, मीठ रोजच्या जेवणात असतेच. यानोमामी दमट उष्ण जंगलातच राहतात, तेव्हा घामाचे कारण पुढे करून दहा ग्रॅमचे समर्थन होत नाही. आणि घामाचे कारण सांगणारे सारेच रानात नसतात. दुकानात, कचेरीत बसणाराही तेच सांगतो.

मीठ कमी केल्याने किती फरक पडतो, हाही प्रश्न रास्त आहे. अनेक चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात दिवसाला साधारण साडेचार ग्रॅम मीठ कमी केले तेव्हा उच्च रक्तदाबाच्या लोकांचा वरचा आकडा सरासरी पाच अंकांनी उतरला. याहून मोठा पुरावा चीनच्या खेड्यांतला आहे. तिथल्या ६०० गावांत सुमारे २१,००० लोकांवर पाच वर्षे चाचणी झाली. हे सारे आधी पक्षाघात होऊन गेलेले किंवा साठी ओलांडलेले रक्तदाबाचे रुग्ण होते. निम्म्या गावांत नेहमीचे मीठ चालू राहिले. उरलेल्या गावांत तीन भाग सोडियम क्लोराइड आणि एक भाग पोटॅशियम क्लोराइड असे मीठ दिले गेले. २०२१ मध्ये निकाल आला. बदललेल्या मिठाच्या गावांत पक्षाघात १४ टक्क्यांनी कमी आणि मृत्यूही कमी. त्या गावांतली कर्जे, लग्ने, भांडणे तशीच होती. बदलले होते ते फक्त मीठ. टेन्शनवाद्यांनी याचे उत्तर द्यायला हवे. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी आणि काही विशिष्ट गोळ्या घेणाऱ्यांनी पोटॅशियमचे मीठ डॉक्टरांना न विचारता वापरू नये, हे मात्र त्याच श्वासात सांगितले पाहिजे. बाकीच्यांना पोटॅशियम पालेभाज्या, कडधान्ये, केळी आणि इतर फळे यांतून मिळते. जिथे द्राक्षे, केळी आणि भाजीपाला ट्रकने बाहेर जातो, तिथल्या ताटात रोज एक फळ नसावे, ही खेदाची गोष्ट आहे.

मीठ सगळे खातात, मग रक्तदाब काहींनाच का? याचे एक उत्तर वंशपरंपरा. आईवडिलांना असेल तर मुलांना धोका जास्त, दोघांनाही असेल तर अधिकच. दुसरे उत्तर जन्माआधीचे आहे आणि सातारा-सांगलीच्या पूर्व भागाने ते विशेष लक्षात घ्यावे. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या नेतृत्वाखाली १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या माता आणि त्यांची मुले यांचा अभ्यास चालू आहे. तिथल्या बाळांचे सरासरी वजन पावणेतीन किलोच्या आत होते, तर इंग्लंडमधल्या बाळांचे साडेतीन. डेव्हिड बार्कर या इंग्रज संशोधकाने कमी वजनाने जन्मलेल्यांचा रक्तदाब पुढे जास्त असतो, हे दाखवले होते. गर्भात पोषण तोकडे पडले की मूत्रपिंडात गाळण्या कमी तयार होतात आणि जन्मानंतर त्या नव्याने होत नाहीत. असे मूल पुढे मिठाला लवकर बळी पडते. नायजेरियातल्या बियाफ्राच्या दुष्काळात गर्भात किंवा तान्हे असलेल्या लोकांचा रक्तदाब चाळिशीत तपासला, तेव्हा तो दुष्काळानंतर जन्मलेल्यांपेक्षा जास्त निघाला. माण, खटाव, आटपाडी, जत या तालुक्यांनी १९७२ चा दुष्काळ पाहिला. गरोदर बायकांनी खडी फोडली, सुकडीवर दिवस काढले. त्या सुमारास जन्मलेली माणसे आता पन्नाशी ओलांडून गेली आहेत. त्यांना रक्तदाब निघाला की ‘टेन्शन घेता’ म्हणून मोकळे होणे म्हणजे आईच्या उपासमारीचा हिशेब मुलाच्या स्वभावावर टाकणे आहे.

बाईच्या बाबतीत आणखी एक प्रश्न नेहमी राहून जातो: गरोदरपणात बीपी वाढला होता का? ज्यांना तेव्हा झटके येण्याइतका किंवा लघवीतून प्रथिने जाण्याइतका त्रास झाला, त्यांना पुढच्या आयुष्यात उच्च रक्तदाबाचा धोका तिप्पट-चौपट असतो. बाळंतीण घरी आली की तो आकडा कागदातच राहतो आणि पुढे दहा-पंधरा वर्षे तिचा दंड कोणी मशीनला लावत नाही.

तंबाखूबद्दल नेमके बोलले पाहिजे. मिश्री लावल्यावर निकोटिनने रक्तदाब आणि नाडी दोन्ही काही काळ चढतात. दिवसातून पाच-सहा वेळा लावणाऱ्या बाईच्या शरीरात ही चढ दिवसभर चालूच राहते. तंबाखूने कायमचा उच्च रक्तदाब किती होतो यापेक्षा मोठी गोष्ट अशी, की रक्तदाब आणि तंबाखू एकत्र आले की हृदयविकार आणि पक्षाघात यांचा धोका कितीतरी वाढतो. घरातल्या बाईची मिश्री हे व्यसन धरलेच जात नाही, म्हणून ते केसपेपरवर येत नाही. दारूचा संबंध मात्र सरळ आहे. जितकी जास्त आणि जितकी नियमित, तितका दाब जास्त.

गुडघे आणि कंबर धरली की मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय वेदनाशामक गोळ्या आणणे ही खेड्यांतली नेहमीची रीत. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या गोळ्या मूत्रपिंडात सोडियम अडवतात, रक्तदाब काही अंकांनी चढवतात आणि रक्तदाबाच्या काही औषधांचा परिणाम कमी करतात. महिनोन्‌महिने घेतल्या तर मूत्रपिंडालाच इजा होते. त्यानंतरचा रक्तदाब मूत्रपिंडाचाच असतो आणि साध्या गोळीला दाद देत नाही. स्टेरॉइड, सर्दीची नाक मोकळे करणारी औषधे, काही गर्भनिरोधक गोळ्या यांनीही दाब वाढतो. घरगुती म्हणून निर्धोक समजले जाणारे ज्येष्ठमधही जास्त दिवस, जास्त प्रमाणात घेतले तर शरीरात मीठ साठवते आणि पोटॅशियम घालवते.

विटा, खानापूर, आटपाडी भागातली हजारो कुटुंबे गलाईच्या धंद्यासाठी देशभर पसरली आहेत. सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याचे हे काम लहान, कोंदट खोल्यांत, भट्टीच्या धगीत चालते. चांदी शुद्ध करण्याच्या जुन्या रीतीत शिसे वापरतात आणि शिशाचा धूर वर्षानुवर्षे अंगात गेला तर रक्तदाब वाढतो, मूत्रपिंडे खराब होतात. सणाला गावी आलेल्या गलाईवाल्याला बीपी निघाला तर सोन्याच्या भावाचे टेन्शन हे कारण सांगितले जाते. रक्तातले शिसे मोजायला हवे, हे कोणाच्या मनातही येत नाही.

कमरेचा घेर (पुरुषांत ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या वर), मधुमेह आणि झोपेत श्वास अडकून मोठ्याने घोरणे ही कारणेही तितकीच ठाम आहेत. तिशीच्या आत रक्तदाब निघाला किंवा तीन औषधे घेऊनही उतरत नसेल, तर मूत्रपिंडाची धमनी, अधिवृक्क ग्रंथी, थायरॉइड यांची तपासणी व्हायलाच हवी. दर शंभर रुग्णांत पाच ते दहा जणांचा रक्तदाब अशा एखाद्या वेगळ्या आजारामुळे असतो आणि त्यांतल्या काहींचा तो पूर्ण बराही होतो. तरुणाला ‘कामाचे टेन्शन’ म्हणून परत पाठवणे त्याच्यासाठी सर्वांत महागात पडते.

वय वाढेल तसा वाढायचाच, शंभर अधिक वय इतका चालतो, हा हिशेब अजून पारावर ऐकू येतो. वयाबरोबर धमन्या ताठ होऊन वरचा आकडा चढतो, हे वर्णन झाले; ते निर्धोक असल्याची ग्वाही नव्हे. सत्तरीतला १७० हा आकडा सत्तरीतही पक्षाघातच आणतो.

टेन्शनच्या समजुतीचे सर्वांत घातक फळ उपचारात दिसते. उच्च रक्तदाब बहुतेकांना जाणवत नाही. डोके दुखत नाही, चक्कर येत नाही. मन शांत वाटते, म्हणजे बीपी शांत, असे मानून माणूस मशीनपासून लांब राहतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार जगातल्या जवळजवळ निम्म्या रुग्णांना आपला आजार माहीतच नाही. ज्यांना माहीत आहे, तेही लग्न पार पडले, कर्ज फिटले की गोळी सोडतात, कारण कारणच संपले असे त्यांना वाटते. मीठ, मूत्रपिंड, ताठ धमन्या जागच्या जागी असतात. काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत आकडा पूर्वीच्या जागी जातो आणि कोणतीही खूण देत नाही. मिरजेत १८९४ मध्ये मिशनचे रुग्णालय झाले, पुढे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय झाले. दोन राज्यांतले रुग्ण तिथे येतात. पण लकव्याने अर्धे अंग गेल्यावर मिरज गाठून गेलेले अंग क्वचितच पूर्ण परत मिळते.

देशातला उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम नोव्हेंबर २०१७ मध्ये जाहीर झाला तेव्हा पाच राज्यांतले २५ जिल्हे निवडले गेले. महाराष्ट्रातल्या चार जिल्ह्यांत भंडारा, वर्धा, सिंधुदुर्ग यांच्याबरोबर सातारा होता. त्याची रीत साधी आहे. सरकारी दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येक प्रौढाचा रक्तदाब मोजायचा, औषधांचा ठरलेला क्रम पाळायचा, एका वेळी महिन्याच्या गोळ्या द्यायच्या आणि जो आला नाही त्याला फोन करायचा किंवा आशाताईंकडून निरोप पाठवायचा. मोजण्याआधी रुग्णाला पाच मिनिटे शांत बसवायचे, पाय जमिनीला टेकलेले, दंड हृदयाच्या पातळीवर, अर्धा तास आधी चहा-मिश्री नाही, म्हणजे क्षणिक धास्तीचा भाग आकड्यातून बाजूला होतो. रुग्णाचे मन कसे आहे यावर इथे निकाल लागत नाही. गेल्या तीन महिन्यांतल्या भेटीत आकडा १४०/९० च्या खाली होता की नाही, एवढेच नोंदवहीत पाहिले जाते, आणि जो तपासायलाच आला नाही त्याचा रक्तदाब आटोक्यात असल्याचे धरले जात नाही.